चॅप्टर केसची नोटीस आली आणि फौजदारी वकिलाचं काम जवळून पाहिलं

मुठाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मजकूर लांबला आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी ५८ वर्षांची, बँकेतून निवृत्त, कोथरूडला राहते. आमच्या भागातल्या टेकडीच्या पायथ्याशी रस्त्यासाठी तोडायच्या झाडांवर आकडे टाकले गेले. १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे झाडावर नोटीस लावून हरकती मागवायच्या असतात. ती नोटीस काही झाडांवर आम्हाला दिसलीच नाही. आम्ही चौदाजण सलग तीन दिवस सकाळी सात ते आठ तिथे फलक घेऊन उभे राहिलो. घोषणा नाहीत, रस्ता अडवणं नाही. एक आजोबा तर घरून स्टूल घेऊन यायचे.

पुढच्या आठवड्यात दारात दोन बीट मार्शल. हातात कागद : भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १२६. यालाच चॅप्टर केस म्हणतात. माझ्याकडून शांततेचा भंग होण्याची शक्यता असल्याने एक वर्षासाठी बॉण्ड (शांतता राखण्याची लेखी हमी) का घेऊ नये, याचा खुलासा करायला सहायक पोलीस आयुक्तांसमोर हजर राहा. आयुष्यात कधी पोलीस चौकीची पायरी चढले नव्हते. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. यजमान म्हणाले, सही करून टाक आणि विषय संपव. चौदापैकी नऊ जणांनी तेच केलं.

भाच्याने एका फौजदारी वकिलांचं नाव दिलं. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या जुन्या इमारतीत, जेमतेम चार खुर्च्या मावतील एवढं ऑफिस. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "ताई, तुम्ही नेमकं काय केलंत ते यात कुठे लिहिलंय?"

मी पुन्हा वाचलं. कुठेच नव्हतं. "खात्रीलायक माहिती मिळाली आहे" एवढंच.

मग त्यांनी समजावलं. कलम १३० सांगतं की अशा आदेशात मिळालेल्या माहितीचा सारांश, बॉण्डची रक्कम, मुदत आणि जामीनदार किती हे सगळं लेखी हवं. १९७० मध्ये मधू लिमयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही अधिकाऱ्याच्या मर्जीची गोष्ट नाही, आणि माहितीची शहानिशा सुरू केल्याशिवाय हंगामी बॉण्डसुद्धा मागता येत नाही. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर सर्वसाधारणपणे प्रकरणच संपतं. "आणि सही केलीत तर वर्षभर अडकाल. परत कुठे फलक घेऊन उभ्या राहिलात की बॉण्ड मोडला म्हणून पैसे वसूल करायला येतील. एवढ्यासाठीच तो असतो."

मला सर्वांत खटकलं ते वेगळंच. प्रस्ताव पाठवतं पोलीस ठाणं, आणि आयुक्तालयाच्या शहरात तो ऐकणारे विशेष कार्यकारी दंडाधिकारीही पोलीस खात्याचेच सहायक आयुक्त. मग नागरिकाच्या बाजूने त्या खोलीत बोलणारं कोण? वकील आणलात तर वकील. नाही तर कोणीच नाही.

आमचं बोलणं चालू असताना दारात एक मावशी येऊन उभ्या राहिल्या. जनता वसाहतीतल्या. बावीस वर्षांचा मुलगा मोबाइल चोरीच्या केसमध्ये येरवड्यात. जामीन मंजूर होऊन एकोणीस दिवस झाले होते. पंचवीस हजारांचा एक जामीनदार हवा होता. त्यांच्या भावाने लातूर जिल्ह्यातून सातबारा आणला, तर कोर्टात "स्थानिक जामीनदार आणा" म्हणून परत पाठवलं. वकील मला म्हणाले, "तुमचं उद्या झालं तरी चालेल, यांचं नाही." आणि ते टाइप करायला बसले.

एकोणीस दिवस! जामीन मिळालेला असताना. मी बँकेत तीस वर्षं जामीनदारांच्या सह्या घेतल्या. नसलेल्या सहीपायी एक पोरगं गजाआड बसतं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

इथल्या कोणाला असा अनुभव आहे का? फौजदारी वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुन्हेगाराला सोडवणारा माणूस येतो. निदान माझ्या तरी यायचा. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा.

पारिजात | सोमवार, रात्री १०.२५

मुठाकाठ, तुम्ही सही केली नाहीत हे फार बरं झालं. आमच्या सोसायटीतल्या दोघांना पाणीप्रश्नावर मोर्चा काढायच्या आदल्या रात्री नोटीस आली होती, पण ती कलम १६८ ची (जुनं १४९). त्यात बॉण्ड नसतो, नुसती ताकीद असते. कोणती नोटीस आहे ते आधी नीट वाचावं, लोक दोन्हीत गल्लत करतात.

काळाकोट | सोमवार, रात्री ११.५०

मी शिवाजीनगरला फौजदारी बाजूने वकिली करतो. काही वर्षं मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर होतो. ताईंनी विचारलं म्हणून रिमांडबद्दल (अटक झालेल्याला कोठडीसाठी कोर्टासमोर उभं करतात त्याबद्दल) लिहितो, कारण आमचं खरं काम तिथे असतं आणि ते कोणाला दिसत नाही.

अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर आणायचं, हे संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे. अटकेचं कारण सांगायचं आणि त्याच्या पसंतीच्या वकिलाला भेटू द्यायचं, हेही तिथेच. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दुपारी तीनच्या सुमाराला कोर्टात आठदहा जणांची रांग असते, प्रत्येकाच्या शेजारी हवालदार, आणि माझ्या हातात एका माणसासाठी चारपाच मिनिटं. तेवढ्यात विचारायचं : कधी उचललं? कुठून? घरी कळवलं का? मारलं का? शेवटच्या प्रश्नाला शेजारी उभ्या असलेल्या पोलिसाकडे बघून बहुतेक जण "नाही साहेब" म्हणतात. म्हणून मी हवालदारदादांना चार पावलं मागे व्हायला सांगतो. कधी ऐकतात, कधी न्यायाधीशांना विनंती करावी लागते. एकदा एका मुलाने काही न बोलता नुसता तळपाय वर करून दाखवला. त्या दिवशी वैद्यकीय तपासणीचा आदेश मिळाला, पोलीस कोठडी मिळाली नाही.

अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरांची तपासणी, हे नियम १९९६ च्या डी. के. बसू निकालातले. त्यातले बरेचसे आज कायद्यात आले आहेत, तरी रोज मागून घ्यावे लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं : अटकेची कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत, आणि रिमांडला उभं करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. गुन्हा कोणताही असो. आता मी पहिला कागद तोच मागतो. बिहारमधून आलेल्या बांधकाम मजुराला मराठीत टाइप केलेला कागद दिला असेल, तर त्याला कारणं कळली असं कसं म्हणायचं?

कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न विचारलं जात नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांनाही तसंच. १९८७ चा विधी सेवा कायदा, कलम १२. जिल्हा न्यायालयात लोक अभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील हेच काम करतात. हेल्पलाइन १५१००. हा आकडा घरात लिहून ठेवा, कामवाल्या ताईंना द्या, सोसायटीच्या वॉचमनला द्या.

धानोरीकर | मंगळवार, सकाळी ७.१५

सगळं वाचलं. तुमच्या झाडांच्या नोटिशीबद्दल वाईट वाटलं, ते चूकच आहे. पण दुसरी बाजू मला लिहायलाच हवी.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत रात्री दीड वाजता पाचसहा पोरं कोयते घेऊन आली. अकरा गाड्या फोडल्या. माझे मेहुणे आवाज ऐकून खाली गेले, त्यांच्या मनगटावर वार झाला. दोन बोटं अजून वळत नाहीत, ते फिटर आहेत. त्यातले दोघं तीन महिन्यांत जामिनावर बाहेर. आता ते पानटपरीवर उभे असतात आणि माझी मुलगी क्लासला जायला लांबचा रस्ता धरते. कोर्टात त्यांच्या बाजूने वकील होता, आमच्या बाजूने कोण होतं ते आम्हाला कळलंच नाही. काळाकोट, तुम्ही अशांचं वकीलपत्र घेता का? घेता तर का?

काळाकोट | मंगळवार, दुपारी १.४०

घेतो. आणि तुमच्या मेहुण्यांचं वाचून मान खाली गेली, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकदमच लिहितो.

का घेतो ते आधी. काही ठिकाणी वकील संघटनांनी "अमक्या आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही" असे ठराव केले होते. २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे ठराव रद्दबातल ठरवले. पाच पोरांची नावं फिर्यादीत येतात तेव्हा त्यातला एखादा त्या रात्री घरी झोपलेला असतो. तो कोणता, हे पुरावा तपासल्याशिवाय मलाही कळत नाही, पोलिसांनाही नाही. वकील नसेल तर कोणी तपासतच नाही. आणि वकीलच नसताना झालेली शिक्षा अपिलात टिकत नाही, मग तुमच्या मेहुण्यांना परत पहिल्यापासून साक्ष द्यावी लागेल.

आता तुमच्या बाजूचं. सरकारी वकील तुमच्याच बाजूने उभे असतात, पण त्यांच्याकडे एका दिवसात पन्नास फायली असतात आणि ते तुम्हाला भेटतातच असं नाही. त्यांना मदत करायला तुम्ही स्वतःचा वकील कोर्टाच्या परवानगीने देऊ शकता. जामिनाच्या सुनावणीत पीडिताला म्हणणं मांडता येतं, २०२२ च्या जगजीत सिंग निकालात ते स्पष्ट आहे. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत तुम्हाला कळवायचं, हे नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. तशी माहिती मिळाली नसेल तर आजच लेखी मागा. आणि ती पोरं टपरीवर उभं राहून दम देत असतील, तर जामीन रद्द करण्याचा अर्ज होऊ शकतो. तारीख, वेळ, कोण काय बोललं हे वहीत लिहून ठेवा. मला निरोप पाठवा, त्या केसमध्ये मी कोणाचाही वकील नाही, कागद बघून देईन.

जुना_शिरस्तेदार | मंगळवार, दुपारी ४.०५

कोर्टात तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी जामीन कारकून म्हणून. मुठाकाठ ताईंनी लिहिलेली मावशी मी शेकडो वेळा पाहिली आहे. चेहरा वेगळा, पिशवी तीच : रेशनकार्ड, सातबारा, तलाठ्याचा दाखला, दोन फोटो.

स्थानिक जामीनदाराचा आग्रह कायद्यात नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून दंडाधिकाऱ्यांनी तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर) सोडलं. पुन्हा ३१ जानेवारी २०२३ ला त्याच न्यायालयाने लेखी सांगितलं की स्थानिक जामीनदाराची अट सुटकेला उशीर करते, ती घालू नये. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात बॉण्ड भरला गेला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करायचा. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजनाही आहे, जामिनासाठी पैशांची मदत मिळते.

मग कारकून का अडवतो? कारण खोटे जामीनदार. कोर्टाच्या आवारात भाड्याने उभे राहणारे, एकाच टॅक्स पावतीवर दहा जणांना सोडवणारे लोक मी पाहिले आहेत. उद्या आरोपी पळाला की विचारणा कारकुनाला होते. म्हणून तो लांबच्या गावचा सातबारा बघितला की घाबरतो. ती भीती खोटी नाही. पण तिची किंमत मावशीने मोजायची, हे मला नोकरीतही पटलं नाही आणि आज तर अजिबात पटत नाही. मी स्वतः किती जणांना "उद्या या" म्हटलं असेल, ते आठवून झोप लागत नाही कधीकधी.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता.

शनवारकर | मंगळवार, रात्री ८.३०

धाग्यात मधू लिमयांचं नाव आलं म्हणून थोडं लिहितो. ते पुण्याचेच. १९२२ चा जन्म, फर्ग्युसनचे विद्यार्थी. खासदार झाले ते मात्र बिहारमधल्या मुंगेरहून. ६ नोव्हेंबर १९६८ ला लखीसराय स्टेशनवर त्यांना अटक झाली आणि कारण सांगितलं गेलं नाही. त्यांनी तुरुंगातूनच सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं, आणि कारण न सांगितलेली अटक कलम २२ चा भंग आहे म्हणून न्यायालयाने त्यांना सोडलं. काळाकोट आज रिमांडला जो कागद मागतात, त्याच्या मुळाशी हा निकालही आहे.

"चॅप्टर" हा शब्दही जुना. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा भाग आठव्या प्रकरणात होता, म्हणून चॅप्टर केस. १९१६ साली लोकमान्यांवर ह्याच प्रकरणाखाली पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी वीस हजारांचा, वर ताईंसारखाच एक वर्षाचा, चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड लावला होता. होमरूलवरच्या भाषणांसाठी. जिनांनी बाजू मांडली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

पण मला खरं आठवले ते गणेश वासुदेव जोशी, सार्वजनिक काका. पेशाने वकील. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल तक्रारी होत्या, त्यातून २ एप्रिल १८७० ला सार्वजनिक सभा उभी राहिली. सभासद व्हायचं तर किमान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. असे ९५ प्रतिनिधी, आणि त्यांच्यामागे सहा हजारांवर सह्या! वकीलपत्राचीच रीत त्यांनी गावकीच्या कामाला लावली असं मला नेहमी वाटतं : कोणाच्या वतीने बोलतोस ते आधी कागदावर दाखव. आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर राजद्रोहाचा खटला पुण्यात चालला, तेव्हा सरकारचा रोष पत्करून त्यांच्या बचावाला काका उभे राहिले. पुढच्याच वर्षी ते गेले. संगम पुलापाशी फडक्यांचं स्मारक आहे. मी नातवंडांना तिथे नेतो तेव्हा बचाव कोणी केला होता तेही सांगतो.

वडगावची_ताई | बुधवार, सकाळी ११.२०

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. माझ्या धाकट्या भावाला तडीपार केलं होतं. दोन वर्षं, पुणे जिल्ह्यातून. त्याच्यावर आधी मारामारीच्या दोन केसेस होत्या, त्या खोट्या नव्हत्या. पण नंतर तो सुधारला होता, टेम्पो चालवायचा. नोटिशीत लिहिलं होतं की साक्षीदार भीतीमुळे पुढे येत नाहीत, त्यांचे जबाब गुप्त आहेत. कोण साक्षीदार, कुठली तारीख, काही नाही. आईची डायलिसिस चालू होती, तो सोलापूरला मित्राकडे राहायचा आणि रात्री फोनवर रडायचा.

वकिलांनी अपील केलं, तिथे काही झालं नाही. मग मुंबईला हायकोर्टात. आपल्याला मुंबईच गाठावी लागते, कोल्हापूरचं सर्किट बेंच २०२५ मध्ये सुरू झालं पण त्यात पुणे नाही. वकिलांनी २०२२ चा दीपक डोंगरे यांचा निकाल लावला होता. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, माणसाचा फिरण्याचा हक्क जातो, घरच्यांपासून तुटतो, म्हणून कारणांची खरी छाननी हवी असं त्यात आहे. दोन वर्षं पूर्ण का, याचंही कारण द्यावं लागतं. आमच्या आदेशात ते नव्हतं. आदेश रद्द झाला.

तोपर्यंत आई गेली होती. तो अंत्यविधीला आला, तेवढ्या एका दिवसाच्या परवानगीसाठी वकील सकाळी आठपासून ऑफिसच्या दाराशी उभे होते. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

धानोरीकर | बुधवार, रात्री ९.१०

वडगावची ताई, वाचून गलबलून आलं. तुमच्या आईंना नमस्कार.

माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. त्या पोरांना जामीन मिळायला नको होता असंच मला आजही वाटतं. पण काळाकोटांनी सांगितल्याप्रमाणे आज पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. मेहुणे बरोबर आले होते. वर्षभरात ते पहिल्यांदा त्या विषयावर घराबाहेर कोणाशी बोलले.

मुठाकाठ | पुढचा सोमवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी कळवायच्या आहेत.

सहायक आयुक्तांसमोर आमची तारीख झाली. वकिलांनी लेखी उत्तर दिलं : माहितीचा सारांश द्या, कोणत्या दिवशी कोणाच्या शांततेचा भंग झाला ते सांगा. साहेब शांतपणे वाचत होते. मग म्हणाले, पुढची तारीख तीन आठवड्यांनी. बाहेर आल्यावर मी विचारलं, आता काय? वकील म्हणाले, "आता त्यांना लिहावं लागेल, किंवा सोडून द्यावं लागेल." सही केलेल्या नऊ जणांपैकी चौघांनी त्यांची वेळ घेतली आहे. स्टूलवाले आजोबा पहिले.

दुसरं त्या मुलाचं. वकिलांचा अट शिथिल करण्याचा अर्ज मंजूर झाला नाही, पण जामीनदार पुणे शहराबाहेरचा चालेल एवढं कोर्टाने मान्य केलं. तोवर मावशींचे भाऊ गावी परतले होते, पेरणी अडली होती. मी वकिलांना विचारलं, मी उभी राहिले तर? ते लगेच हो म्हणाले नाहीत. मुलगा तारखेला आला नाही तर पंचवीस हजार माझ्याकडून वसूल होऊ शकतात, मी आणखी कोणाला जामीन आहे का ते लिहून द्यावं लागेल, आणि पुढे कधी नको वाटलं तर कोर्टात अर्ज करून मोकळं होता येतं, हे सगळं त्यांनी सांगितलं. "आधी मुलाला भेटा, मग ठरवा," म्हणाले.

मी शनिवारी येरवड्याला मावशींबरोबर गेले. त्याने मला आजी म्हटलं. तारखा वहीत लिहून ठेवीन म्हणाला, आणि मग वही कुठून आणायची म्हणून आईकडे बघितलं. घरी येऊन यजमानांशी रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं. सकाळी त्यांनीच मालमत्ता कराची पावती काढून टेबलावर ठेवली.

शुक्रवारी अकराला कोर्टात जायचं आहे. शिरस्तेदार काका, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो आणि कराची पावती घेतली आहे. आणखी काही लागतं का?

जुना_शिरस्तेदार | पुढचा सोमवार, रात्री १०.४०

चालू वर्षाचीच पावती आणा, मूळ आणि दोन झेरॉक्स. जुनी चालत नाही. साडेदहाला पोचा, अकराला रांग लागते. मी गेटपाशी असेन.